दोर ओला होता

४ नोव्हेंबर, सकाळी साडेसात

आजपासून रोज लिहायचं. माझ्याकडे मुद्दे भरपूर आहेत आणि ऐकायला कुणी नाही, अशी सध्याची परिस्थिती. वही नवी. पेन हिचं.

संकल्प: अंगणातले ओंडके महिनाअखेर फोडून रचून टाकायचे. चहा दिवसातून दोनदाच. राजकारणावर फक्त लायक माणसाशी बोलायचं. साडू स्वतःहून विषय काढेपर्यंत त्याच्या घरी जायचं नाही.

शेवटच्या संकल्पाबद्दल पुढेमागे गोंधळ नको, म्हणून रीतसर नोंद करून ठेवतो. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बावीस वर्षं आम्ही दोघं मिळून झाडांची कामं करतो. वाळलेलं झाड, छपरावर कललेलं झाड, तारांत घुसलेली फांदी. तो वर, मी खाली. तो कापतो, मी दोर धरतो. दोराचं एक टोक फांदीला बांधलेलं असतं. दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, बुंध्याला दोन वेढे घेतो आणि दुसरं टोक माझ्या हातात. फांदी सुटायच्या आधी तो वरून विचारतो, ‘धरलंय?’ मी म्हणतो, ‘धरलंय.’ मग तो शेवटची करवत ओढतो आणि मी फांदीला पाहुणीसारखी अलगद जमिनीवर आणतो. लाकूड आमचं. फोडून जळण म्हणून विकायचं.

दहा दिवसांपूर्वी, पंचवीस ऑक्टोबरला सकाळी, फांदी पाहुणीसारखी आली नाही. दाणकन आली, आणि येता येता तिच्या बुडाचा तडाखा साडूच्या गुडघ्यावर बसला. दोर ओला होता. मी ‘धरलंय’ म्हटलं होतं. नियमाप्रमाणे म्हटलं होतं. हे सगळ्यांना सांगून झालं आहे.

आज एकही ओंडका फोडला नाही. पहिला दिवस नियोजनाचा.

७ नोव्हेंबर

संध्याकाळी टीव्हीवर डिबेट. विषय: मोठा रस्ता रुंद करण्यासाठी कडेची एकेचाळीस झाडं तोडावीत की नाही. दोन्ही पार्ट्यांचे प्रवक्ते एकमेकांच्या नरडीला लागले होते. अप्रतिम कार्यक्रम. मी मध्येच म्हटलं, ‘आता बोल की!’ आणि वळून बघितलं तर शेजारी साडूच्या जागी उशी.

मी तोडण्याच्या बाजूचा. साडू विरोधात. ज्याने जन्मभर करवत चालवली त्याला झाडांचा एवढा पुळका. त्याचं म्हणणं, आपण तोडतो ती एकतर मेलेली असतात नाहीतर कुणाच्या डोक्यावर येणारी. उभ्या, धडधाकट झाडाला कशाला हात लावायचा. माझं म्हणणं, मग अँब्युलन्सने कुठून जायचं. त्या दिवशी त्याला नेणारी अँब्युलन्स त्याच रस्त्यावर चाळीस मिनिटं अडकून पडली होती. माझा मुद्दा शंभर टक्के सिद्ध झाला. हे त्याला सांगायचं राहून गेलंय. पण विषय त्याने काढायला हवा.

आमचे खरे वाद मात्र घरी होत नसत. झाडावरच. तो चाळीस फुटांवरून एक मुद्दा खाली टाकायचा आणि करवत ओढायला लागायचा. म्हणजे मी उत्तर देईपर्यंत त्याच्या अंगावर भुसा उडत असायचा आणि त्याला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय. गिऱ्हाइकं खुर्च्या टाकून बसायची. मला ‘प्रवक्ते’ हे नाव त्यानेच ठेवलं, आता सगळा भाग त्याच नावाने हाक मारतो. तसं वाईट नाही नाव.

९ नोव्हेंबर

ही रोज दुपारी डबा घेऊन बहिणीकडे जाते आणि बातमी घेऊन येते. आजची बातमी: गुडघ्यात प्लेट टाकली आहे. डॉक्टर म्हणतात, पाय पुन्हा वाकेल असं वाटत नाही. डॉक्टरलोक आधी वाढवूनच सांगतात, म्हणजे नंतर माणूस बरा झाला की श्रेय त्यांना. हेसुद्धा राजकारणच.

डब्याबरोबर मी पेपरातलं कात्रण पाठवलं. साडूच्या पार्टीतले दोन पुढारी पार्टी सोडून गेल्याची बातमी. महत्त्वाच्या ओळींवर लाल खूण केली. तेवढाच त्याचा वेळ बरा जाईल. ही म्हणाली, आजारी माणसाला फळं पाठवतात. मी म्हटलं, फळं काय, कुणीही पाठवेल.

डबा रिकामा परत आला. कात्रणावर काही निरोप नाही. निरुत्तर झालेला दिसतो.

१२ नोव्हेंबर

मास्तरीणबाईंचा फोन. या रिटायर्ड बाई एकट्या राहतात. त्यांच्याच आवारात ते सगळं घडलं. झाड अर्धं कापलेलं तसंच उभं आहे आणि उरलेलं अर्धं त्यांच्या छपरावर कललेलं. वारा सुटला की त्या उठून पुढच्या खोलीत जाऊन बसतात म्हणे. कधी येताय, असं विचारत होत्या. मी म्हटलं, प्लॅनिंग चालू आहे.

मग म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते.’

मी म्हटलं आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. नेटवर्कच्या प्रश्नावर एकही पार्टी बोलत नाही.

१३ नोव्हेंबर

ओंडके: दोन. कमरेत उसण. चहा: सहा.

१६ नोव्हेंबर

नवीन माणूस बोलावला. पलीकडच्या भागात झाडांची कामं करणारा, नाव चांगलं आहे त्याचं. हेल्मेट, हातमोजे, पट्टे, सगळं चकाचक. बोलणं मात्र शून्य. मास्तरीणबाईंच्या आवारात नऊ वाजता पोचलो. बाई खिडकीत होत्या. मी दुसरीकडे बघून नमस्कार केला.

तो वर चढला. मी खालून वातावरणनिर्मिती म्हणून विचारलं, एकेचाळीस झाडांबद्दल आपलं काय मत? तो म्हणाला, कसली झाडं? असा माणूस मतदान करतो आणि त्याचं मत माझ्या मताइतकंच मोजलं जातं.

पहिल्या फांदीच्या वेळी त्याने ओरडून विचारलं, धरलंय का. मी म्हटलं, धरलंय. फांदी सुटली आणि हवेतच लटकून राहिली. तो म्हणाला, सोडा हळूहळू. मी सोडायला गेलो तर सुटेना. मी बुंध्याला दोनाच्या जागी सात वेढे घेतले होते. कधी घेतले ते माझ्या लक्षात नाही. वेढे सोडवायचे तर एक हात दोरावरून काढावा लागतो. माझा हात निघेना. तो वरून ओरडतोय, सोडा, सोडा, आणि मी दोन्ही हातांनी आवळून उभा. शेवटी तो स्वतः खाली उतरला आणि माझी बोटं एकेक करून त्याने सोडवली.

मग हेल्मेट काढून म्हणाला, ‘काका, तुम्ही आज राहू द्या.’

सामान गोळा करून गेला. राजकीय जाण नसलेल्या माणसाबरोबर काम होत नाही हेच खरं. शिवाय दोर ओला असावा. ऊन कडक होतं, पण आतून ओला असावा.

१९ नोव्हेंबर

ठरवलं, मीच चढायचं. बावीस वर्षं खालून बघतोय, त्यात न कळण्यासारखं काय आहे. सरावासाठी आमच्या अंगणातलंच झाड घेतलं. शिडीने आठ फूट गेलो. तिथून खाली बघितलं. खाली बघायचं नसतं, हे साडू नेहमी सांगायचा, पण तो स्वतः सतत खालीच बघायचा. माझ्याकडे. बोलताना समोरच्याकडे बघावं लागतं ना.

आठ फुटांवरून माणूस किती लहान दिसतो. चाळीस फुटांवरून मी कसा दिसत असेन? एवढासा माणूस, हातात दोर.

पुढे चढलो नाही. खालीही येता येईना. हिने येऊन माझे पाय एकेका पायरीवर ठेवले. काही बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२२ नोव्हेंबर

मतदान. सकाळी आठलाच रांगेत. मन प्रसन्न. लोकशाहीचा हा एक दिवस मला नेहमी आवडतो.

साडेनऊच्या सुमारास साडू आला. दोघांनी खुर्चीवर बसवून उचलून आणला होता. एक पाय सरळ पुढे, फळीसारखा. दाढी वाढलेली. एवढा आडदांड गडी, खुर्चीत बसल्यावर मावेल असं कधी वाटलं नव्हतं. मेहुणी बाजूने चालत होती, त्याची चप्पल हातात घेऊन. एकच चप्पल.

त्याने मला बघितलं आणि हात वर केला.

कोणती कागदपत्रं चालतात त्याची यादी भिंतीवर लावली होती. मी ती वाचली. बारीक अक्षरात होती, वेळ लागला. वाचून वळलो तोवर तो आत गेला होता.

तो मत फिरवायला तयार झाला असेल का? हात वर करण्याचा दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

२५ नोव्हेंबर

निकाल! आमची पार्टी पहिल्या नंबरवर! बहुमत चार जागांनी हुकलं, पण पहिला नंबर तो पहिला नंबर. साडूला मेसेज लिहायला घेतला. पहिला फार उद्धट झाला. दुसरा फार लांब झाला. तिसऱ्यात नुसतंच ‘तब्येत कशी आहे’ एवढं उरलं, ते राजकीयदृष्ट्या कमजोर वाटलं. पाठवला नाही.

ओंडके: शून्य. विजयाच्या दिवशी काम करू नये.

२७ नोव्हेंबर

दोन्ही पार्ट्या एकत्र आल्या. सरकार मिळून चालवणार. टीव्हीवर तेच दोन प्रवक्ते एका सोफ्यावर, मांडीला मांडी लावून. एकमेकांच्या बोलण्यावर मान डोलावत होते. एकाने दुसऱ्याच्या कपात साखर घातली.

आणि एकेचाळीस झाडांचं? त्यावर समिती नेमली आहे. समिती अहवाल देईल. तोपर्यंत रस्ताही तसाच, झाडंही तशीच.

हा मास्टरस्ट्रोक आहे असं हिला समजावून सांगायला लागलो. तीन वाक्यं झाली आणि पुढचं सुचेना. ही मटार सोलत होती. म्हणाली, ‘मग तुम्ही दोघं भांडत होतात ते कशासाठी?’

मी म्हटलं, तत्त्वासाठी.

टीव्ही बंद केला. पहिल्यांदाच, डिबेट चालू असताना.

२८ नोव्हेंबर

हिने बहिणीकडून आणलेली बातमी: साडूचा कमरेचा पट्टा आणि पायाला बांधायचे लोखंडी आकडे विकले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झाडावर चढणं विसरा. घेणारा कोण, तर तोच नवीन माणूस, चकाचक हेल्मेटवाला. आज त्याने आपल्या माणसांसह मास्तरीणबाईंचं उरलेलं झाड मशीनने दोन तासांत उतरवलंही. बावीस वर्षांचं आमचं काम दोन तासांत दुसऱ्याचं झालं.

साडू दिवसभर खिडकीशी बसतो म्हणे. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, हे झालं कसं. आणि तो प्रत्येकाला एकच सांगतो, दोर ओला होता.

ही म्हणाली, ‘शब्द न् शब्द तुमचाच. तो कधी तुमचं असं ऐकतो का?’ आणि भांडी घासायला गेली. मला वाटलं होतं, एवढं एक वाक्य सांभाळणारा मी एकटाच आहे.

३० नोव्हेंबर, दुपारी

दोर ओला नव्हता.

पाऊस होऊन अठरा दिवस झाले होते. आदल्या दिवशी मीच तो उन्हात पसरून गुंडाळून ठेवला होता. हातात खरखरत होता. आता ही वही कुणी वाचणार नाही, मग इथे तरी कशाला खोटं लिहायचं. महिनाभर मी वहीलाही खोटंच सांगत आलो.

झालं ते असं. तो म्हणाला, ‘धरलंय?’ मी म्हणालो, ‘धरलंय.’ त्याने करवत ओढायला घेतली. तेवढ्यात मला एकेचाळीस झाडांवर उत्तर सुचलं. करवतीच्या आवाजात सांगायचं म्हणजे बोटं दाखवून सांगावं लागतं, आमची तशी पद्धत होती. बोट वर केलं की तो समजायचा, पहिला मुद्दा. पहिले दोन मी एका हाताने सांगितले, दुसऱ्या हातात दोर होता. तो बघत होता. बघता बघता करवत ओढत होता, त्याचे हात सवयीने चालायचे. तिसरा मुद्दा सगळ्यात भारी होता. त्याला मी दोन्ही हात वापरले.

फांदी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. माझं तिसरं बोट अजून वर होतं.

तो पट्ट्याला लटकत होता. ओरडला नाही. मी ओरडलो, आणि काय ओरडलो तर ‘दोर ओला होता.’ तो खाली यायच्या आधीच मी कारण देऊन मोकळा झालो होतो. तो चार तास शुद्धीवर होता, अँब्युलन्समध्ये माझ्यासमोर होता, आणि चाळीस मिनिटं गाडी अडकली तेव्हा मी बाहेर बघत बसलो. एकदाही त्याचा हात धरला नाही. धरता आला असता. हात रिकामेच होते.

मला लाज वाटते. एवढंच. याला पुढे काही मुद्दा नाही.

उद्या जायचं. आधी ओंडके फोडून घेऊ, मग जाऊ असं मनात आलं. ओंडके तसेच राहू देत.

१ डिसेंबर

गेलो नाही. कमरेत उसण भरली होती. थोडी.

२ डिसेंबर, संध्याकाळी

गेलो.

साडू खिडकीशी खाटेवर, पाय स्टुलावर. मेहुणीने दार उघडलं, ‘या’ म्हणाली आणि आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला. माझं कात्रण त्याच्या उशाशी होतं, लाल खूण वर येईल असं दुमडलेलं. बराच वेळ आम्ही दोघं बाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं. एक माणूस सायकलची चेन बसवत होता.

मी म्हटलं, दोर कोरडा होता.

तो म्हणाला, ‘माहीत आहे.’

मी म्हटलं, मी सोडला.

‘तेही माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होतो ना.’

मग सगळ्यांना ओला का सांगतोस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, भांडताना चढतो तसा. तो म्हणाला, मग काय सांगू, माझा साडू बोटं मोजत होता म्हणून? घरातल्या बायकांनी एकमेकींची तोंडं कशी बघायची?

मला रडू आलं. तो सायकलवाल्याकडे बघत राहिला, म्हणजे मला सावरायला वेळ मिळावा. माझ्याबद्दल त्याला एवढं कळतं, हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मी फक्त तो पुढे काय मुद्दा काढणार एवढंच ओळखायला शिकलो.

मग त्याने विचारलं, ‘तिसरा काय होता रे?’

मला वाटलं होतं मला आठवत असेल. गेला महिना मी त्याच मुद्द्याच्या जोरावर काढला होता. आठवायला गेलो तर काहीच नाही. नुसतं बोट.

मी म्हटलं, आठवत नाही.

त्याच्या पायाखालचं उशीसारखं काहीतरी घसरलं होतं ते मी नीट केलं. त्याने करू दिलं. मग म्हणाला,

‘पहिले दोन मला पटले होते. तेवढी फांदी उतरली की खाली येऊन तुला सांगणार होतो.’

खरं सांगत होता की माझं मन राखत होता, ते मला कळलं नाही. माझं बरोबर आहे असं तो बावीस वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. मेहुणीने चहा आणून ठेवला. आम्ही तो प्यालो. कुणी राजकारण काढलं नाही. निघताना त्याला म्हटलं, उद्या येतो. तो म्हणाला, ये.

म्हणजे मी जिंकलो होतो. नोंद करून ठेवतो: पंचवीस ऑक्टोबर, सकाळी अकराच्या सुमारास.